शेवाळाचे प्रथिन आणि एटापल्लीचे डोळे

साचलेल्या पाण्यास हिरवटपणा आणणाऱ्या शेवाळांत क्लॅमिडोमोनस नावाचा एकपेशीय जीव असतो. उजेड कोठे आहे हे ओळखून तो त्या दिशेने पोहतो. कारण त्याच्यातील एका प्रथिनावर प्रकाश पडताच पेशीच्या आवरणातील सूक्ष्म द्वार उघडते व विद्युत्भारित कण आत शिरतात. 2005 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे बॉयडेन, डायसेरॉथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रथिनाचे जनुक चेतापेशींत घातले आणि निळ्या प्रकाशाने त्या हव्या तेव्हा चेतवून दाखविल्या. शेवाळ कसे पोहते याचा अभ्यास कशाला, असे विचारणाऱ्या व्यवहारी गृहस्थांस याहून चोख उत्तर कोणते द्यावे?

पुढे 2021 साली एक वृत्त प्रसिद्ध झाले. आनुवंशिक नेत्रविकाराने अंध झालेल्या 58 वर्षांच्या एका फ्रेंच गृहस्थाच्या डोळ्यात याच जातीच्या प्रथिनाचे जनुक सोडण्यात आले होते. खास चष्मा लावून कित्येक महिने सराव केल्यावर टेबलावरील वस्तू त्यास शोधता व मोजता येऊ लागल्या. वाचन अद्याप दूरच. तथापि चाळीस वर्षांच्या विकारानंतर एवढेही थोडे नव्हे.

या प्रथिनात प्रकाश टिपणारा जो अंश आहे, तो रेटिनल होय. आपल्या डोळ्यातही तेच काम रेटिनलच करते, आणि शरीर ते 'अ' जीवनसत्त्वापासून बनविते. ते कमी पडले की मुलास प्रथम रातांधळेपणा येतो, आणि दुर्लक्ष झाल्यास बुबुळाचा नाश होऊन कायमचा अंधार. त्या फ्रेंच गृहस्थाचा विकार या जीवनसत्त्वाने बरा होणारा नव्हे; हा मात्र टाळता येतो. त्यासाठी नवव्या महिन्यापासून पाचव्या वर्षापर्यंत नऊ मात्रा देण्याची सरकारी योजना आहे. पहिली मात्रा गोवराच्या लसीबरोबर सहज दिली जाते. खरी कसोटी पुढच्या आठांची. पावसाळ्यात नाले भरून वाट तुटते अशा एटापल्लीच्या जंगलातील पाड्यांवर सहा-सहा महिन्यांचा हिशेब कोण ठेवणार? पपई, शेवग्याचा पाला ही पूरके खरी, परंतु ती सरकारचे कर्तव्य हलके करीत नाहीत. एटापल्ली तालुक्यात नववी मात्रा किती मुलांच्या मुखी पडली, याचा गाववार आकडा गडचिरोली जिल्हा परिषदेने दरवर्षी जाहीर करावा, अशी आमची मागणी आहे.