बँकेच्या नावाने येणारी बनावट पत्रे

पिंपळे सौदागर येथे राहणाऱ्या शिक्षकास ‘आजच माहिती न भरल्यास वेतनखाते बंद होईल’ असे बँकेच्या नावाने ई-मेल आल्यास त्याने प्रथम थांबावे. घाई करावयास लावणे, हेच बनावट पत्राचे लक्षण होय. पत्रातील दुवा उघडू नये. बँकेचा पत्ता स्वतः लिहावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या आदेशानुसार बँकांच्या संकेतस्थळांची नावे ‘डॉट बँक डॉट इन’ने संपावयास हवीत; ही अक्षरे नावाच्या मध्येच आली, तर पत्ता खोटा समजावा.

तरीही गुप्त अंक दिले गेलेच, तर लाजेने गप्प बसू नये. तत्काळ बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावे. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार अशा प्रसंगी कळवीपर्यंतचे नुकसान खातेदाराचे व त्यानंतरचे बँकेचे असते.