मालिश करायला लायसन्स लागतं का? एका साध्या प्रश्नातून संशोधनाचा विषय



आमच्या कन्हानमध्ये बाळ-बाळंतिणीला तेल लावायला येणारी बाई, सलूनमध्ये चंपी करणारा, लचकलेली नस बसवून देणारा माणूस आणि तिकडे नागपूरच्या स्पामधली थेरपिस्ट. चौघांचंही काम अंग चोळण्याचंच. यांपैकी कोणाला सरकारी लायसन्स लागतं? मालिश या कामासाठी म्हणून महाराष्ट्रात कोणालाच नाही. पण संशोधनाची तयारी करणाऱ्याने इथे थांबायचं नसतं. इथून सुरुवात करायची असते.

आधी शब्द नीट करू

नोंदणी, प्रमाणपत्र आणि परवाना हे तीन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्येच यांतला फरक मांडला होता. नोंदणी म्हणजे यादीत नाव देणं. प्रमाणपत्र म्हणजे कौशल्याची खात्री, पण ते नसलं तरी काम करता येतं. परवाना म्हणजे तो नसेल तर काम करणंच बेकायदा.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात मालिशसाठी परवाना लागतो आणि त्याआधी १,००० तासांचं प्रशिक्षण. कॅलिफोर्नियात मात्र राज्य पातळीवर ऐच्छिक प्रमाणपत्राची पद्धत आहे. जपानमध्ये मालिश, अ‍ॅक्युपंक्चर वगैरेंसाठी १९४७ पासून कायदा आहे. म्हणजे काम तेच, पण नियम तीन तऱ्हांचे.

आपल्याकडे काय आहे?

फिजिओथेरपी हा नियमन असलेला व्यवसाय आहे. त्यासाठी पदवी लागते आणि २००२ च्या राज्य कायद्याने स्थापन झालेल्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणीही. केंद्राने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी वेगळा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत दहा गट आहेत. फिजिओथेरपी त्यात आहे, मालिश नाही.

मालिश करणाऱ्यासाठी उरतं ते प्रमाणपत्र. ब्युटी अँड वेलनेस क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचा स्पा थेरपिस्टचा अभ्यासक्रम आहे. आयुर्वेदाच्या बाजूने पंचकर्म तंत्रज्ञाचं प्रशिक्षण मिळतं. नोकरीसाठी हे कागद उपयोगी पडतात, पण तो परवाना नव्हे. स्पा उघडायचा तर २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो, पण ती नोंद धंद्याची झाली. हाताच्या कौशल्याची नाही.

एक सीमारेषा मात्र पक्की आहे. "अंग मोकळं करून देतो" म्हणणं वेगळं आणि "तेलाने लकवा बरा करतो" अशी पाटी लावणं वेगळं. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात अशा जाहिरातीला बंदी असलेल्या आजारांची यादी आहे आणि लकवा त्या यादीत आहे.

आकडे कुठे सापडतील?

खरी गंमत इथे आहे. भारताचं व्यवसाय वर्गीकरण, एनसीओ २०१५, हे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणावर बेतलेलं आहे. त्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मसाज थेरपिस्ट ३२५५ या गटात येतो, फिजिओथेरपी सहायकांसोबत. पण श्रमबल सर्वेक्षणात (पीएलएफएस) व्यवसाय तीन अंकांपर्यंतच मिळतो. ३२५ म्हटलं की दंत सहायक, रुग्णवाहिका कर्मचारी, गावपातळीवरचे आरोग्य कार्यकर्ते, सगळे एकाच डब्यात. त्यातून मालिश करणारे वेगळे काढता येत नाहीत. आणि घरोघरी तेल लावणारी बाई सर्वेक्षकाला स्वतःचा व्यवसाय काय सांगेल? बहुधा "घरकाम". झालं, ती आकड्यांतून गायब. म्हणून इथे दुय्यम माहितीवर भागत नाही, क्षेत्रकार्य करावंच लागतं.

मग प्रश्न कसा मांडायचा?

"परवाना असावा का?" हा वादविवाद स्पर्धेचा विषय झाला. संशोधनाचा प्रश्न तपासता आला पाहिजे. दोन बाजू बघा. जॉर्ज अकरलॉफ यांच्या १९७० च्या लेखातला युक्तिवाद असा, की ग्राहकाला दर्जा आधी कळत नसेल तर चांगला माल बाजारातून हटतो. त्या न्यायाने परवान्याचा फायदा आहे. उलट फ्रीडमन म्हणतात, परवाना नव्या माणसाला दारातच अडवतो.

पण कन्हानमधल्या बाईच्या बाबतीत "दर्जा कळत नाही" हे गृहीतक तरी लागू होतं का? तिची माहिती आत्या-मावश्यांकडून तोंडोतोंडी मिळते. स्पाच्या ग्राहकाला ती सोय नाही. मग तपासण्याजोगा प्रश्न असा होतो: ओळखीवर चालणाऱ्या आणि अनोळखी ग्राहकांवर चालणाऱ्या मालिश कामात प्रमाणपत्रामुळे मोबदल्यात किती फरक पडतो?

यात कोणाचं तरी पोट अडकलंय, हे विसरू नका. उद्या १,००० तासांची अट आली, तर वीस वर्षं बाळं न्हाऊ घालणारी, शाळा अर्धवट सुटलेली बाई एका रात्रीत बेकायदा ठरेल. आणि काहीच नियम नसेल, तर नवजात बाळाचं अंग चुकीच्या पद्धतीने ओढणाऱ्याला जाब कोण विचारणार? तुमच्या प्रस्तावात या दोघांनाही जागा हवी.

सरावासाठी एक काम देतो. तुमच्या गावातला असाच एक विनापरवाना व्यवसाय निवडा. त्याला नोंदणी, प्रमाणपत्र, परवाना यांपैकी काय लागू आहे ते कायदा वाचून एका पानावर लिहा. मग त्याचा एनसीओ कोड शोधा. कोड सापडायला त्रास झाला, तर समजा विषयात दम आहे.