भालेकर हायस्कूलचा दाखला

भालेकर मैदान माहीत नाही असा नाशिककर विरळाच. शालिमारजवळची जागा, कालिदास कलामंदिराचा शेजार, गणेशोत्सवात कंपन्यांच्या मंडळांचे देखावे आणि ते बघायला लोटणारी गर्दी. इथलेच बी. डी. भालेकर हायस्कूल महापालिकेचे. शहरभर त्याची चर्चा झाली ती 2025 मध्ये, इमारत पाडून तिथे विश्रामगृह बांधायचे घाटत होते तेव्हा. वर्ग त्याआधीच बंद पडले होते. माजी विद्यार्थी आणि शिक्षणप्रेमी मंडळी रस्त्यावर उतरली.

नाशिकचे माध्यमिक शिक्षण मुळात संस्थांनी उभे केले. मराठा विद्या प्रसारक समाज 1914 चा, गोखले एज्युकेशन सोसायटी 1918 ची. त्यांच्यापुढे महापालिकेची हायस्कुले थोडकीच. 1949 च्या महापालिका अधिनियमात प्राथमिक शिक्षण हे बंधनकारक कर्तव्य आहे, त्यापुढचे ऐच्छिक. ऐच्छिक गोष्टीला कात्री आधी लागते, हे घर चालवणाऱ्या कुणालाही ठाऊक असते.

आणि कात्री लागते तीही हळूच. आदेशात ‘बंद’ हा शब्द सहसा येत नाही, ‘समायोजन’ येते, म्हणजे एक शाळा दुसरीत मिसळणे. 2017 च्या सुमारास महापालिकेने सव्वाशेहून अधिक प्राथमिक शाळांच्या नव्वद केल्या, त्या याच वाटेने. हायस्कुलाचे दुखणे याहून चिवट. पटावर संचमान्यता ठरते, संचमान्यतेवर शिक्षकांची पदे. पट घसरला की गणिताचे सर अतिरिक्त ठरून दुसरीकडे जातात. गणिताला सर नाहीत म्हटल्यावर पालक दाखला काढतात आणि पट आणखी घसरतो. दारात इंग्रजी माध्यमाची पिवळी बस उभीच असते. पट का घसरला, यासाठी मात्र संचमान्यतेच्या तक्त्यात रकाना नाही.

शाळा गेली तरी जनरल रजिस्टर उरते. जाड बांधणीचे, शाईने लिहिलेले. नाव, जन्मतारीख, जात, आधीची शाळा, सोडल्याचे कारण. जात पडताळणीसाठी आजोबांची नोंद शोधत नातवंडे येतात ती याच पानांपाशी. शाळा मिटली की ही रजिस्टरे कुठल्या कपाटात जातात, हे समायोजनाच्या बातमीत कधी छापून येत नाही. माझ्या मते ते पहिल्या ओळीत यायला हवे.

शाळा अशा गुपचूप मिटत असताना शहराबाहेर, जिल्ह्यात एक शाळा मात्र गाजली. ऑक्टोबर 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुले बकऱ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर निघाली. भाम धरणाने विस्थापित झालेली ही वस्ती, आणि तिची शाळा बंद केलेली. ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ ही घोषणा राज्यभर पोचली. आठवीनंतर गळणारे शहरातले पोर गॅरेजात लागते, नाहीतर मंडईत हमालीला. त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही, आणि त्याचे नाव रजिस्टरात ‘सतत गैरहजर’ या शेऱ्याखाली जाते.