माशी जेवते कशी?

काम बिनसले की ‘माशी शिंकली’ असे आपण म्हणतो. माशी शिंकत नाही. ती ओकते मात्र खरी, आणि तेही आपल्याच ताटात. तिच्या जेवणाची रीत ध्यानी आली, म्हणजे उघड्या मिठाईकडे पाहण्याची आपली दृष्टी पालटल्यावाचून राहणार नाही.

घरमाशीला दात नाहीत, चावण्याजोगा जबडाही नाही. आहे ती एक मऊ सोंड व तिच्या टोकाला स्पंजासारखी गादी. या गादीवरील सूक्ष्म पन्हळींतून द्रव तेवढा वर चढतो. मग साखरेचा खडा ती खाते कसा? प्रथम तिचे पायच त्याची चव घेतात. कारण रुची जाणणारे केस तिच्या पायांवरही असतात. गोडी कळताच सोंड खाली येते, खड्यावर लाळ सोडते आणि झालेला पाक शोषून घेते. पुष्कळदा आधी प्यालेला द्रवही ती पोटातील एका पिशवीतून वर आणते. दिव्याच्या तारेवर दिसणारे तिचे फिकट ठिपके या ओकारीचे, तर काळसर ठिपके विष्ठेचे असतात.

आता ही पिशवी भरली कोठे, ते पाहा. अंडी तयार होण्यासाठी मादीला प्रथिने लागतात आणि त्यांच्या शोधात ती शेणावर, मैल्यावर, उघड्या जखमेवरही बसते. तेथून उठून ती बाळाच्या दुधाच्या वाटीवर येते. पाय एकमेकांवर घासून ती स्वच्छ करते हे खरे; पण पोटातल्या जंतूंचे काय? विषमज्वर, आमांश, पटकी यांचे जंतू अशा रीतीने अन्नात उतरू शकतात.

(पावसाळ्यात पिंढरीला कडकडून चावते ती ही नव्हे. ती गोठ्यातील, रक्त पिणारी हिची नातलग. दिसते मात्र हुबेहूब हिच्यासारखी.)

मादी एका वेळी १०० ते १५० अंडी घालते. उष्ण हवेत त्यांतून दिवसाच्या आत अळ्या निघतात आणि ७ ते १० दिवसांत पंखांची माशी तयार होते. डीडीटीने हा प्रश्न मिटला असे एकदा वाटले होते. परंतु १९४६-४७ च्या सुमारासच स्वीडन व इटलीत तिला दाद न देणाऱ्या माश्या आढळल्या. त्यापेक्षा गोठ्याजवळचे ओले शेण आठवड्यातून दोनदा उचलणे अधिक खात्रीचे. कोशात जाण्यापूर्वी अळ्या ढीग सोडून कडेच्या कोरड्या मातीत शिरतात. तेव्हा ढिगाबरोबर तीही माती खरवडून काढावी.