खुर्चीतून उठलेल्यांचा हिशेब

विदर्भात किंवा मराठवाड्यात एखादा तलाठी, हवालदार, नायब तहसीलदार निवृत्त झाला की त्याच्या पेन्शनचे कागद नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये येतात, महालेखापालांच्या कार्यालयात. पेन्शन किती बसते ते इथे तपासलं जातं, पेन्शन देण्याचा आदेश (पीपीओ) निघतो, आणि मग जिल्ह्याच्या ट्रेझरीकडून दरमहा पैसे सुरू होतात.

सरकारी नोकरांचा खर्च म्हटलं की आपण खुर्चीत बसलेली माणसं मोजतो. उठून गेलेली मोजून पाहा! २०१६ साली सातवा वेतन आयोग मंजूर झाला तेव्हा सैन्यदलं धरून केंद्राचे कर्मचारी होते सुमारे ४७ लाख आणि पेन्शनर ५३ लाख. २०२५ मध्ये न्यायमूर्ती रंजना देसाईंच्या अध्यक्षतेखाली आठवा आयोग नेमला गेला, तेव्हाचे आकडे साधारण ५० लाख आणि ६९ लाख. नऊ वर्षांत कर्मचारी जेमतेम वाढले, पेन्शनर मात्र सोळा लाखांनी.

यामागची यंत्रणा एका काल्पनिक शिपायावरून बघू. जन्म १९२५, केंद्राच्या नोकरीत सर्वांत खालच्या श्रेणीत, साठाव्या वर्षी, १९८५ मध्ये निवृत्त. त्या श्रेणीचं मूळ वेतन वाढून वाढून २३२ रुपयांवर थांबायचं. महागाई भत्ता वेगळा. पण प्रत्येक वेतन आयोग निवृत्तांचीही पेन्शन वाढवतो, आणि सातव्याने किमान पेन्शन ९,००० केली. शिवाय ऐंशी ओलांडली की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा, पुढे दर पाच वर्षांनी आणखी, आणि शंभराव्या वर्षी ती थेट दुप्पट. म्हणजे हा गृहस्थ आज हयात असेल तर किमान १८,००० रुपये, वर महागाईची भर. कामावरच्या नव्या शिपायाचं किमान मूळ वेतनही नेमकं १८,०००च आहे! (नोव्हेंबरात हयातीचा दाखला तेवढा द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे सरकारला दरवर्षी पटवून देण्याची वेळ इतर कुणावर येत नसावी.)

हे पैसे कुठल्या गंगाजळीत साठवलेले नसतात. जुन्या पेन्शनसाठी वेगळा निधी नाहीच. आजचा पेन्शनर आजच्या करातून पोसला जातो.

म्हणून महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांना जुनी पेन्शन बंद केली. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं, की ती पुन्हा दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. पुढच्या मार्चमध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत कर्मचारी सात दिवस संपावर गेले. मला दोघांचंही म्हणणं समजतं. एकाच टेबलावर काम करणाऱ्या दोघांचं म्हातारपण केवळ रुजू होण्याच्या तारखेवरून वेगळं व्हावं, हे कुणाला पटेल?

पण गंमत अशी, की ती तारीख येऊन वीस वर्षं झाली तरी जुनी पेन्शन घेणाऱ्यांची रांग अजून वाढतेच आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये विसाव्या वर्षी लागलेला कारकून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईल २०४३ मध्ये. त्याची ऐंशी २०६५ मध्ये, शंभरी २०८५ मध्ये. आणि त्याच्यामागे पत्नी असेल, तर कुटुंब निवृत्तिवेतन त्यानंतरही.