लिलावातले ३० गुण

वीजखरेदीच्या लिलावात सहसा सर्वांत कमी दर सांगणारा जिंकतो. दक्षिण आफ्रिकेने २०११ मध्ये पवन आणि सौर वीज विकत घ्यायला सुरुवात केली, तेव्हा १०० पैकी ७० गुण दराला ठेवले आणि ३० गुण रोजगार, देशी सामग्री, कृष्णवर्णीयांची मालकी अशा गोष्टींना. प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना किमान २.५ टक्के भागीदारी देणे बंधनकारक केले. एस्कॉम ही सरकारी कंपनी विजेत्यांकडून २० वर्षे वीज घेते.

मात्र गावांची भागीदारी बहुधा कर्ज काढून घेतलेली असते. नफ्याचा मोठा वाटा आधी हप्त्यांत जातो. त्याहून मोठी अडचण भूगोलाची. कडक ऊन नॉर्दर्न केप प्रांतात, तर कोळसा खाणी पूर्वेकडे म्पुमालांगा प्रांतात. तिथले कोमाटी औष्णिक केंद्र २०२२ मध्ये बंद करण्यात आले. पण तिथल्या कामगारांसाठी ५० किलोमीटरच्या अटीचा उपयोग काय? त्यातच २०२१ च्या लिलावफेरीत दराचे वजन ९० गुणांवर गेले, हे मला चुकीचे वाटते. वीज स्वस्त हवीच. पण खरेदीचा काही हिस्सा कोळसा पट्ट्यातल्या प्रकल्पांसाठी राखून ठेवता येतो. तिथे औष्णिक केंद्रांसाठी टाकलेल्या पारेषण वाहिन्या आधीच उभ्या आहेत.