रोजगाराचा हक्क : मागणी लेखी व वेळेवर हवी

बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात खरिपाची पिके निघाली की गावे रिकामी होऊ लागतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे बिऱ्हाड गाडीवर घालून पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल या कोयत्याने हंगामभर फेडावयाची असते. गाव सोडण्याचा निर्णय मात्र दसऱ्यास होत नाही. पावसाळ्यात ज्या दिवशी उचल हातात पडली, त्याच दिवशी तो झालेला असतो. म्हणून गावातच काम मिळविण्याचा जो हक्क कायद्याने दिला आहे, त्याचा उपयोग उचल घेण्यापूर्वीच केला पाहिजे.

हक्क कसा आला

ग्रामीण मजुरास काम मागण्याचा हक्क कायद्याने देण्याचा मान महाराष्ट्राच्या विधिमंडळाकडे जातो. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात या योजनेचा पहिला प्रयोग झाला. पुढे १९७२-७३ चा दुष्काळ पडला. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लक्ष मजूर होते. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणे अशा कामांनी मराठवाड्यातील असंख्य घरांची चूल त्या वर्षी पेटती ठेवली.

दुष्काळ सरला तरी काम देण्याची जबाबदारी सरू नये, या हेतूने रोजगार हमी अधिनियम १९७७ साली संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यासाठी पैसा उभा राहावा म्हणून १९७५ पासून शहरातील नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला होता. याच धर्तीवर २००५ साली संसदेने देशभर कुटुंबामागे वर्षास १०० दिवसांची हमी दिली. डिसेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत झाला. त्यात १२५ दिवसांची हमी असून पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात वर्षातून एकूण ६० दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची तरतूद आहे.

मागणी म्हणजे काय

दिवसांची संख्या बदलली तरी एक तत्त्व कायम राहिले आहे. काम मागितल्यावाचून हक्क जागा होत नाही. मागणीचा अर्ज पोहोचल्यापासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देय होतो. २००५ च्या कायद्यान्वये तो पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान चौथा हिस्सा व त्यानंतर किमान निम्मा ठरविण्यात आला होता. मात्र हे १५ दिवस अर्जाच्या तारखेपासून मोजले जातात. चावडीवर तोंडी सांगितलेल्या मागणीस तारीख नसते आणि तारीख नसली म्हणजे भत्ता मागण्यास आधार उरत नाही. पुष्कळ गावांत ‘आमच्याकडे कामास माणसेच येत नाहीत’ असे म्हटले जाते व मजूर ‘कामच निघत नाही’ असे म्हणतो. दोघांच्या मध्ये जो कागद असावयास हवा, तो नसतो.

हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की, हमीच्या कामावर उचलीसारखी एकरकमी रक्कम मिळत नाही. लग्न, आजारपण वा जुने देणे यांसाठी ज्यांना रोकड हवी असते, ते जाणारच. परंतु घरात गर्भवती स्त्री आहे, शाळेत जाणारी मुले आहेत किंवा म्हातारी माणसे आहेत, अशा कुटुंबांना तरी थांबता येईल एवढे काम गावात निघावयास हवे.

मातेचा प्रश्न

कारखान्यातील वा कार्यालयातील नोकरदार स्त्रीस २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा आहे. कोयत्यावरील स्त्रीच्या वाट्यास व्यवहारात एकही दिवस येत नाही. गैरहजेरीचा ‘खाडा’ उचलीच्या हिशेबात धरला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. ज्या कामात विश्रांतीस दंड आहे, त्या कामात शरीर किती मोल देते, हे या आकड्यांवरून कळते.

अशा स्त्रीस घरी राहता यावे म्हणून दोन आधार जोडून वापरले पाहिजेत. पहिला आधार मातृवंदना योजनेचा. त्यात पात्र मातेस पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये व दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. त्याची नोंद अंगणवाडी सेविकेकडे वेळीच करावी. दुसरा आधार गावातील कामाचा. २००५ च्या कायद्याखालील कामांवर लहान मुले असल्यास त्यांना सांभाळण्यास एका स्त्रीची मजुरीवर नेमणूक करावयाची होती आणि गर्भवती व स्तनदा मातांना कमी श्रमाचे, घराजवळचे काम द्यावयाचे होते. नव्या व्यवस्थेतही ग्रामसभेने हा आग्रह सोडू नये.

हजेरी व इंटरनेट

१ जानेवारी २०२३ पासून कामावरील हजेरी मोबाइलवर छायाचित्र घेऊन नोंदविणे सक्तीचे झाले. मजुरीही थेट बँक खात्यात जमा होऊ लागली. यातून खोट्या हजेरीस आळा बसावा हा हेतू योग्य आहे. परंतु डोंगराच्या कुशीत जेथे रेंज मिळत नाही, तेथे दिवसभर माती उपसूनही हजेरी न चढण्याचा धोका राहतो. म्हणून ग्रामपंचायतीपर्यंत आलेली इंटरनेटची तार चालू ठेवणे हे आता चैनीचे काम राहिलेले नाही. जोडणी बंद पडल्यास लेखी तक्रार करावी आणि प्रत्येक मजुराने आपली हजेरी वहीतही मांडून ठेवावी.

काय करावे

१. उचलीचे दिवस सुरू होण्यापूर्वी, म्हणजे १ मे च्या ग्रामसभेतच, कोणती कुटुंबे थांबू इच्छितात त्यांची यादी करावी.

२. बांधबंदिस्ती, शेततळी, सीताफळाची लागवड अशी कामे त्या यादीच्या प्रमाणात आराखड्यात घालावीत. सीताफळ हे या माळरानाचे हक्काचे पीक आहे.

३. हंगामी बंदीचे दिवस विचारून घ्यावेत व ते टाळून कामाच्या तारखा मागाव्यात.

४. रोजगार सेवकाने अर्ज घेताच तारखेची सहीनिशी पोच द्यावी. मजुराने ती मागून घ्यावी व जपून ठेवावी.

पाणी वाहून गेल्यावर बांध घालून उपयोग नसतो. उचल घेतल्यावर केलेली मागणीही तशीच होय. यंदा पहिला पाऊस पडण्याच्या आत गावातील किती अर्जांना पोच मिळाली, एवढे जरी ग्रामपंचायत अधिकाऱ्याने मोजले, तरी दिवाळीनंतर किती घरांना कुलूप लागेल याचा अंदाज त्यास आधीच येईल.